विहिरीवरील व नौकेवरील डिझेल इंजिन : धुरावरून दोषनिदानाचा आढावा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे बालाघाटच्या डोंगररांगेत, समुद्रापासून दूर वसलेले आहे. तथापि मोट मागे पडल्यावर मराठवाड्यातील विहिरींवर जे डिझेल इंजिन आले, त्याच तत्त्वावरील इंजिन कोकणातील मच्छिमार नौकांतही बसविले गेले. दोन्हीकडे बिघाडाची पहिली सूचना बहुधा धुरातून मिळते. धुराचा रंग सारखाच असला तरी त्यामागील कारण इंजिनाच्या कामाच्या जागेनुसार बदलते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे चालले. त्यात इंधन दाबयुक्त हवेने सिलिंडरमध्ये सोडले जाई. त्यासाठी कॉम्प्रेसर लागत असल्याने इंजिन अवजड होई. १९१२ मध्ये ‘सेलँडिया’ हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनावर महासागरात उतरले. लहान होडीसाठी मात्र असे यंत्र सोयीचे नव्हते. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन पंपाचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर लहान, वेगवान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. त्याबरोबरच पंप व नोझल हे दोषनिदानाचे महत्त्वाचे घटक ठरले. महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली. स्वातंत्र्योत्तर काळात पंचवार्षिक योजनांतून मच्छिमार नौकांच्या यांत्रिकीकरणास शासकीय पाठबळ मिळाले.

धुराचे रंग व त्यांचा अर्थ :
१) काळा धूर : हवेच्या मानाने इंधन जास्त झाले की ते अर्धवट जळते. विहिरीवर पंपाचा भार जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून प्रथम एअर फिल्टर व नोझल तपासणे योग्य ठरते. नौकेत मात्र इंजिन निर्दोष असूनही काळा धूर येऊ शकतो. तळाला शेवाळ व शिंपले चिकटणे, पंख्यात जाळे अडकणे किंवा पंखा प्रमाणाबाहेर मोठा असणे, यांमुळे भार वाढतो. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने थोडा अधिक वेगही इंजिनावर मोठा ताण आणतो.

२) पांढरा धूर : थंड इंजिन सुरू करताना तो काही काळ येणे स्वाभाविक आहे. गरम झाल्यावरही तो राहिल्यास कमी कॉम्प्रेशन, इंधन उशिरा सुटणे किंवा हेड गॅस्केटमधून पाण्याची गळती संभवते. काही नौकांत थंड करण्याचे पाणी एक्झॉस्टमध्येच सोडले जाते. तेथे दिसणारी वाफ लवकर विरते. न जळालेल्या डिझेलचा धूर रेंगाळतो, त्याला उग्र वास येतो आणि पाण्यावर तेलकट तवंग उमटतो.

३) निळसर धूर : इंजिन ऑईल जळत असल्याची ही खूण होय. झिजलेल्या रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह गाईड किंवा प्रमाणाबाहेर भरलेले ऑईल ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

निष्कर्ष :
विहिरीवरील इंजिन बंद पडले तर पिकाची पाण्याची पाळी चुकते. भर समुद्रात ते बंद पडले तर खलाशांचा जीव धोक्यात येतो. काळ्या धुरावाटे इंधनाचा पैसाही वाया जातो. यास्तव यंत्र खोलण्यापूर्वी धुराचा रंग, तो येण्याची वेळ आणि इंजिनावरील भार या तिन्हींचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. केवळ रंगावरून काढलेला निष्कर्ष अपुरा असतो. नौकेच्या बाबतीत पाण्याखालचा तळ व पंखा यांची पाहणी हाही निदानाचाच भाग आहे.