पिठातला किडा आणि वांझपणाचा शिक्का

पावसाळ्यात पिठाचा डबा उघडावा आणि त्यात तांबूस, तीन-चार मिलिमीटरचे किडे फिरताना दिसावेत, हा अनुभव घरोघरचा. आपण पीठ चाळतो, किडे फेकून देतो. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या थॉमस पार्क यांनी मात्र हेच किडे वर्षानुवर्षे पिठात पाळले. त्यांच्या दोन जातींमधल्या स्पर्धेवरचा पार्क यांचा १९४८चा अभ्यास आजही नावाजला जातो.

यांपैकी ‘ट्रायबोलियम कन्फ्युझम’ या जातीत पुढे एक कोडे समोर आले. एका वाणाचा नर आणि दुसऱ्या वाणाची मादी एकत्र ठेवली, की अंड्यांतून अळ्याच निघेनात. जोडी उलटी लावली, तर भरपूर संतती! मग दोष कुणाचा? मादीचा?

१९८५ साली मायकेल वेड आणि लोरी स्टीव्हन्स यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात उत्तर दिले. त्यांनी किड्यांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले. औषध दिलेल्या नरांपासून त्याच ‘वांझ’ माद्यांना संतती झाली. मादी निरोगीच होती; नराच्या अंगात सूक्ष्म जंतू होता.

हा जंतू म्हणजे वोल्बाकिया. १९२४ साली हर्टिग आणि वोल्बाक यांना तो डासांमध्ये आढळला होता. डासांच्या वांझ जोड्यांमागे तोच आहे, हे येन आणि बार यांनी १९७१ साली दाखवले. त्याची चाल मोठी धूर्त. तो नराच्या शुक्रपेशीला जणू कुलूप घालतो आणि किल्ली ठेवतो जंतू असलेल्या मादीच्या अंड्यात. जंतू नसलेल्या मादीकडे किल्ली नाही, म्हणून तिची अंडी वाया जातात. जंतू आईकडून अंड्यावाटे पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे बाधित माद्यांचा वंश वाढला की त्याचाही वाढतो.

हत्तीरोगाच्या कृमींत मात्र गोष्ट उलटी आहे. त्यांना वोल्बाकियावाचून चालत नाही. डॉक्सिसायक्लिनने जंतू मेला, की कृमीच्या मादीची पैदास थांबते. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या टांझानियातल्या चाचणीत तर आठ आठवड्यांच्या या औषधाने प्रौढ कृमीही बहुतांशी मेले. विदर्भाने हत्तीरोग जवळून पाहिला आहे. तिथे हे नुसते पुस्तकी ज्ञान नाही.

म्हणजे एकाच जातीच्या औषधाने एकीकडे वंश सुरू झाला, दुसरीकडे थांबला. किड्यांवरून माणसांचे निष्कर्ष काढू नयेत, हे खरे. पण मूल झाले नाही की तपासणीआधीच बाईच्या कपाळी शिक्का मारणारे आपण, निदान एवढे तरी शिकावे: आधी तपासावे, मग बोलावे.