देशावरील चुना आणि लोणारी

महाराष्ट्राच्या देशावरील बांधकामाचा विचार करताना दगडाच्या विपुलतेचा उल्लेख नेहमी होतो. चुन्याच्या दुर्मिळतेकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हा प्रदेश बहुतांशी काळ्या अग्निजन्य खडकाचा असून त्यात चुनखडकाचे मोठे थर नाहीत. त्यामुळे काळ्या मातीत व ओढ्यांच्या काठी सापडणाऱ्या चुनखडीच्या गाठी वेचूनच येथे चुना करावा लागे. कोकणात ही गरज शिंपल्यांनी भागविली.

भट्टीत चुनखडी व जळण यांचे थर आळीपाळीने रचून ते भाजले जात. सुमारे ९०० अंश सेल्सियस उष्णतेला चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी घालताच तो रटरटून फुटतो. चुनखडीत मातीचा अंश असल्याने हा चुना मळकट दिसे, परंतु ओलाव्यातही घट्ट होई. म्हणून विहिरी व टाक्यांच्या कामी तो विशेष उपयोगी पडे. शिंपल्यांचा शुभ्र चुना सफेदीस व विड्यास योग्य ठरे. बांधकामाचा चुना वाळूसह बैलांच्या घाणीत मळीत. अशा घाणींचे अवशेष लोहगड व तिकोना या किल्ल्यांवर आढळतात.

हा व्यवसाय प्रामुख्याने लोणाऱ्यांचा. ‘लोण’ म्हणजे मीठ या शब्दाशी त्यांचे नाव जोडले जाते. चुन्याबरोबर कोळसा पाडणे हाही त्यांचा धंदा होता. दोन्ही कामांस रानातील लाकूड लागे, हे लक्षात घेता ही जोड स्वाभाविक वाटते.

चुना महाग पडे, याचा परिणाम बांधकामात स्पष्ट दिसतो. हेमाडपंती देवळे चुन्यावाचून उभी राहिली. कुणब्याचे घर मातीतच बांधले जाई. चुना मुख्यतः तट, गढी व वाडा यांच्या वाट्यास आला. तथापि चिमूटभर चुना प्रत्येक घरी असे. विडा, तंबाखू, मुरगळलेल्या पायावरील हळद-चुन्याचा लेप, गुऱ्हाळातील रसाची निवळ, कातड्यावरील केस काढणे ही सर्व कामे त्याचीच.

१९१४ मध्ये पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले व पुढे बांधकामातील चुन्याचे स्थान क्रमाने गेले. जुन्या तटांची डागडुजी सिमेंटने केल्यास ओल आत कोंडून दगडाची हानी होते, हा अनुभव आता सर्वमान्य आहे. म्हणून चुन्याचे ज्ञान जतन करणे हे वास्तुरक्षणाचेच अंग होय. शिलालेखांत बांधविणाऱ्यांची नावे असतात, चुना भाजणाऱ्यांची नसतात. त्यांच्या श्रमांचा इतिहास भट्ट्या, घाणी व दर्जा यांच्या अभ्यासातूनच उभा करावा लागेल.