गेम बनवण्यातही करिअर आहे

‘पोरगा दिवसभर मोबाईलवर गेम खेळतो’ ही आपल्या घराघरातली तक्रार. पण खेळणं वेगळं, बनवणं वेगळं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेमही पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला.

यात कामं कोणती? गेम डिझायनर खेळाचे नियम ठरवतो. प्रोग्रामर ते कोडमध्ये उतरवतो. युनिटीसाठी सी शार्प, अनरिअलसाठी सी प्लस प्लस लागतं. आर्टिस्ट पात्रं काढतो, अ‍ॅनिमेटर त्यांना हालवतो. साउंड डिझायनर आवाज देतो, टेस्टर चुका शोधतो, प्रोड्युसर वेळ आणि खर्च सांभाळतो.

महागड्या कोर्सची फी भरण्याआधी ब्लेंडर आणि गोडो ही मोफत सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर शिकून बघा. एक छोटा गेम पूर्ण करा. मुलाखतीत सर्टिफिकेटइतकंच, किंबहुना जास्त, तुमचं काम बघतात. मुलींनाही हा रस्ता तितकाच खुला आहे.

रोजी हलाल राहील का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पैसे लावून खेळायचे गेम हा जुगारच. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही ऑनलाइन मनी गेमवर बंदी घातली. म्हणून कंपनी नेमकं काय बनवते, हे आधी विचारा. मुलाचा मोबाईल हिसकावण्यापूर्वी एकदा त्याच्याशी बोलून बघा, एवढंच आम्ही सांगू.