उजेडाचा हिशेब



घराला काचेची खोली, म्हणजे सनरूम, जोडायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो खर्चाचा. इंग्लंडमध्ये एके काळी हा प्रश्न साध्या खिडकीसाठीही पडायचा. १६९६ साली तिथे खिडक्यांवर कर बसला. ठरावीक संख्येपेक्षा खिडक्या जास्त, की कर जास्त. लोकांनी काय करावं? खिडक्या चक्क विटांनी बुजवल्या! तिथल्या काही जुन्या घरांवर त्या आजही दिसतात.

मोठी घरं श्रीमंतांची, तेव्हा कर तेच भरतील, असा हिशेब होता. पण शहरांत एकेका इमारतीत कितीतरी गरीब कुटुंबं भाड्याने राहत, आणि कर मात्र अख्खी इमारत एकच घर धरून लागे. मग मालक खिडक्या बंद करून मोकळा होई. अंधार आणि कोंदट हवा भाडेकरूंच्या बायका-मुलांच्या वाट्याला येई. यातून आजार वाढतात असं डॉक्टर सांगत राहिले, तरी हा कर दीडशेहून अधिक वर्षं टिकला.

त्यात भर म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यात काचेवरही कर आला, तोही वजनावर. त्यामुळे काचेचं घर ही फक्त बड्या लोकांची हौस राहिली. ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने १८३६ ते १८४० या काळात एक प्रचंड काचघर उभारलं. लांबी २७७ फूट! खर्च ३० हजार पौंडांच्या वर गेला. राणी व्हिक्टोरिया १८४३ साली त्यातून घोडागाडीने फिरली.

१८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि १८५१ मध्ये खिडक्यांवरचा. त्याच १८५१ साली याच पॅक्स्टनने लंडनला जवळपास ३ लाख तावदानांचा क्रिस्टल पॅलेस उभा केला. काच स्वस्त झाली, तशी मध्यमवर्गीयांच्या घरांनाही काचेच्या खोल्या जोडल्या जाऊ लागल्या.

आणि चॅट्सवर्थचं काचघर? ते उबदार ठेवायला ८ बॉयलर लागत, आणि बॉयलरला कोळसा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली. १९२० साली ते पाडूनच टाकलं. बांधायला पैसा होता, पोसणं मात्र जमलं नाही.

माझी नणंद लेस्टरला असते. तिकडे डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवायचं, तर उजेडाची किंमत तिच्याइतकी कोणाला कळणार? ती म्हणाली, "वहिनी, सनरूम करावी म्हणते." मी म्हटलं, "कर की! पण बांधणाऱ्याने सांगितलेल्या आकड्याखाली आणखी तीन आकडे लिही: हिवाळ्यात ऊब किती रुपयांची, उन्हाळ्यात पडदे किती रुपयांचे, आणि छत गळलं तर दुरुस्ती किती रुपयांची."

परिग्रह-परिमाणात आपण वस्तू मोजतो. पण एकेक वस्तू वर्षानुवर्षं आपल्याकडून काय मागत राहते, तेही मोजायला हवं. चॅट्सवर्थच्या ड्यूकना जे परवडलं नाही, ते आपण आधीच कागदावर मांडून बघू शकतो. उजेड हवाच, पण तो पोसायची तयारी ठेवूनच घरात आणावा.