टर्बोचार्ज्ड डिझेल वाहनांतील निष्कास वायूंच्या तापमानाचे मापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

डिझेल इंजिनाचा इतिहास सामान्यतः शक्ती, वेग आणि इंधनबचत या तीन अंगांनी लिहिला जातो. इंजिनातील उष्णता कोणी मोजली, कशासाठी मोजली आणि त्या मापनाचा उपयोग कोणाच्या हाती राहिला, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. टर्बोचार्जर बसविलेल्या डिझेल वाहनात तर हा प्रश्न इंजिनाच्या आयुष्याशीच निगडित आहे. सिलिंडरमधून जळून बाहेर पडणाऱ्या वायूचे, म्हणजेच निष्कास वायूचे तापमान हे आतील ज्वलनाची स्थिती बाहेरून कळण्याचे सर्वांत शीघ्र साधन होय. प्रस्तुत लेखात या मापनाच्या विकासाचा मागोवा घेतला असून, ट्रकचालकाच्या डोळ्यांसमोरील काट्यापासून वाहनातील संगणकापर्यंत झालेल्या त्याच्या प्रवासाचा अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

टर्बोचार्जरचा उदय :

रुडॉल्फ डिझेल यांचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे तयार झाले. इंधनातील उष्णतेचा मोठा भाग धुराबरोबर वाया जातो, हे अभियंत्यांना माहीत होते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतलेल्या पेटंटमध्ये या वाया जाणाऱ्या ऊर्जेने टर्बाइन फिरवून इंजिनात दाबाखाली हवा भरण्याची कल्पना मांडली. ती व्यवहारात येण्यास वीस वर्षे लागली. १९२० च्या दशकाच्या मध्यात ‘प्रॉइसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिश’ या जर्मन प्रवासी जहाजांवरील इंजिनांची शक्ती टर्बोचार्जरमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने टर्बोचार्जर असलेले ट्रकचे डिझेल इंजिन तयार केले. १९५४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने आपला पहिला टर्बो ट्रक बाजारात आणला. त्याच्या इंजिनाची शक्ती १५० वरून १८५ अश्वशक्ती झाली होती.

या प्रगतीची दुसरी बाजूही होती. टर्बाइनचे चक्र थेट तप्त वायूच्या झोतात फिरते. लहान टर्बोचार्जरमध्ये त्याची गती मिनिटाला एक लाख फेऱ्यांहून अधिक असते. अशा गतीत आणि अशा उष्णतेत सामान्य पोलाद टिकत नाही. म्हणून निकेलप्रधान मिश्रधातूंचा आश्रय घ्यावा लागला. तरीही प्रत्येक धातूला मर्यादा असते. ती मर्यादा जवळ आली आहे, हे वेळीच कळणे आवश्यक होते.

मापनाचे साधन :

हे साधन इंजिनाच्या आधीच अस्तित्वात आले होते. दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्यांचे तापमान वेगवेगळे ठेवल्यास मंडलात विद्युत परिणाम घडतो, असे थॉमस योहान झेबेक यांनी १८२१ मध्ये बर्लिन येथे दाखविले. १८८६ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातलिए यांनी प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांच्या तारांचे थर्मोकपल (तपयुग्म) भट्टीचे तापमान मोजण्यासाठी वापरात आणले. प्लॅटिनम महाग असल्याने हे उपकरण प्रयोगशाळा व कारखान्यांपुरते मर्यादित राहिले. अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट मिळाले आणि पुढे क्रोमेल व अ‍ॅल्युमेल या स्वस्त, टिकाऊ तारांची जोडी प्रचारात आली. हीच आज ‘के’ प्रकारचे थर्मोकपल म्हणून ओळखली जाते.

या जोडीपासून दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट विद्युतदाब मिळतो. ७०० अंशांना तो सुमारे २९ मिलिव्होल्ट भरतो. एवढ्या अल्प दाबावर संवेदनशील मापकाचा काटा हलू शकतो आणि त्यास बॅटरीची गरज लागत नाही. त्यामुळे हे उपकरण धक्के खाणाऱ्या ट्रकमध्येही बसविता आले. चालकांमध्ये ते ‘पायरोमीटर’ या नावाने रूढ झाले.

तापमान काय सांगते :

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे प्रमाण साधारणतः ठरलेले असते. डिझेल इंजिनात मात्र हवेवर झडपेचे नियंत्रण पारंपरिकपणे नसे. चालक पायाने केवळ इंधनाचे प्रमाण बदलत असे. हवा भरपूर आणि इंधन थोडे असेल तेव्हा निष्कास वायू तुलनेने थंड असतो. इंधन वाढत जाते तसतसे तापमान चढते. हवा अपुरी पडू लागली की काळा धूर येतो आणि तापमान धोक्याच्या दिशेने जाते. हवेची गाळणी तुंबणे, टर्बोचार्जरपासून इंजिनाकडे जाणारी नळी गळणे, उंच प्रदेशातील विरळ हवा, पंपातून जादा इंधन सोडणे, इंधन उशिरा फवारले जाणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

याचे एक बोलके उदाहरण १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत मिळते. कमिन्स कंपनीच्या टर्बोचार्ज्ड डिझेल मोटारीने फ्रेड अगाबाशियन यांच्या हाती पात्रता फेरीत अग्रस्थान मिळविले. परंतु टर्बोचार्जरचे हवा घेण्याचे तोंड गाडीच्या पुढच्या भागात खाली होते. धावपट्टीवरील रबराचे कण व कचरा त्यात अडकला आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडीला माघार घ्यावी लागली. टर्बो डिझेलची सारी शक्ती हवेच्या पुरवठ्यावर कशी अवलंबून असते, हे या घटनेने दाखवून दिले. याच कंपनीच्या सहकार्याने १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली आणि अशा इंजिनांच्या निर्मितीची परंपरा महाराष्ट्रात रुजली.

पाण्याचे तापमान दाखविणारा काटा येथे उपयोगी पडत नाही. थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान जवळजवळ स्थिर राखतो. त्या काट्यावर फरक दिसेपर्यंत टर्बाइन अथवा पिस्टन यांची हानी होऊन गेलेली असते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टनचे मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला मऊ पडतात. पिस्टन तेल व पाण्यामुळे थंड राहतो हे खरे, परंतु ही थंड करण्याची क्षमताही मर्यादितच असते.

चालकाचे ज्ञान :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या ट्रकांमध्ये पायरोमीटर परिचयाचा झाला. अवजड माल घेऊन चढण चढताना चालक काट्याकडे पाहून गिअर निवडीत असे. वरच्या गिअरमध्ये इंजिन मंद फिरते, टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही आणि काटा चढतो. गिअर खाली घेतला की फेऱ्या वाढतात, हवा वाढते आणि तोच भार ओढूनही काटा उतरतो. अधिक वेगाने फिरणारे इंजिन कमी तापते, हे सकृद्दर्शनी उलटे वाटणारे सत्य चालकांनी या काट्यावरूनच आत्मसात केले. गाडी थांबविल्यावर इंजिन लगेच बंद न करता तापमान उतरू देण्याची शिस्तही यातूनच दृढ झाली. तसे न केल्यास टर्बोचार्जरच्या बेअरिंगमधील स्थिर तेल जळून त्याचा कोळसा होतो. ज्याच्या उदरनिर्वाहाचे साधनच ट्रक होता, त्याच्या दृष्टीने या काट्याचे मोल उघड आहे.

थर्मोकपल कोठे बसवावे, याविषयी मात्र मतभेद राहिले. टर्बाइनच्या आधी बसविल्यास खरे तापमान कळते, परंतु त्याचे टोक तुटल्यास टर्बाइनची पाती मोडण्याची भीती असते. नंतर बसविल्यास ही भीती राहत नाही. मात्र टर्बाइनने ऊर्जा काढून घेतलेली असल्याने, पूर्ण भारावर आकडा शंभर अंशांहूनही अधिक कमी येऊ शकतो. म्हणून कोणतीही सुरक्षित मर्यादा सांगताना ती कोठे मोजली आहे, हे सांगणे अनिवार्य ठरते.

मापनाच्या हेतूतील बदल :

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉमन रेल पद्धती आली व इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले. २००० मध्ये प्यूजो ६०७ या मोटारीत काजळी अडविणारी गाळणी बसविण्यात आली. अमेरिकेत २००७ च्या मानकांमुळे अशी गाळणी अवजड वाहनांतही रूढ झाली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके देशभर लागू झाली आणि डिझेल वाहनांत तिचा प्रसार झाला.

या गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते. सामान्य वाहतुकीत ते क्वचितच गाठले जाते. म्हणून संगणक स्वतःहून जादा इंधन सोडून निष्कास वायू तापवितो आणि तापमान-संवेदकांच्या आधारे त्यावर लक्ष ठेवतो. ज्या उष्णतेपासून इंजिन वाचविण्यासाठी मापन सुरू झाले, ती उष्णता आता टर्बाइनच्या पुढे हेतुतः निर्माण केली जाते. तेथे तापमान कमी पडणे हाही दोष ठरतो. चालकाला मात्र आकडा सहसा दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ सूचनेचा दिवा.

निष्कर्ष :

निष्कास वायूच्या तापमानाचे मापन भट्टीतून इंजिनात आणि इंजिनातून ट्रकमध्ये आले. त्याचा मूळ हेतू यंत्राचे रक्षण हा होता, त्यात पुढे हवेच्या शुद्धतेची भर पडली. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ही निःसंशय प्रगती होय. तथापि या प्रवासात चालकाचे कार्यकारणभावाचे ज्ञान मागे पडले. काटा चढण्याचे कारण चालकाला शोधावे लागे, दिवा लागला की तो वाहन दुरुस्तीसाठी नेतो. मापन अधिक अचूक झाले, पण मापनातून होणारे शिक्षण कमी झाले. तापमानाचा आकडा संगणकाजवळ असतोच, तो चालकालाही दाखविणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. चढणीवर, भाराखाली आणि विरळ हवेत वाहन चालविणाऱ्या चालकाला हे ज्ञान परत मिळणे इंजिनाच्या आणि त्याच्या स्वतःच्याही हिताचे आहे.