कानांचा विमा

वॉल्ट डिस्ने यांचा 'डम्बो' 23 ऑक्टोबर 1941 रोजी प्रदर्शित झाला, आणि तेव्हापासून तो मुलांना दयेचा धडा म्हणून दाखवला जातो. मोठ्या कानांचे हत्तीचे पिल्लू, त्याला नावे ठेवणाऱ्या हत्तिणी, त्याची बाजू घेतली म्हणून साखळदंडात पडलेली आई, आणि शेवटी त्याच कानांवर घेतलेली भरारी. चित्रपट जरा लक्ष देऊन पाहिला तर मात्र असे दिसते की दयेमुळे त्यात कोणाचेही नशीब पालटत नाही. आईच्या मायेने तिला कोठडी मिळते. टिमथी उंदराला पिल्लाचा कळवळा आहे, पण पहिली संधी मिळताच तो मालकाच्या कानात खेळाची नवी कल्पना सोडतो. सारे बदलते ते उडणे तिकीटबारीवर खपते म्हणून. शेवटच्या वर्तमानपत्री मथळ्यांत कानांचा दहा लाख डॉलरचा विमा उतरलेला असतो, टिमथी व्यवस्थापक होऊन हॉलिवुडशी करार करतो आणि आईला आगगाडीच्या टोकाला स्वतंत्र डबा मिळतो. हत्तिणींपैकी कोणी माफी मागितल्याचे दिसत नाही. माझ्या मते ही बहिष्कृताच्या स्वीकाराची कथा नाही. व्यंगाला बाजारभाव मिळाल्याची आहे. आणि ती तशी का झाली हे ज्या कारखान्यात ती घडली त्याच्या इतिहासात सापडते.

'स्नो व्हाइट'ने 1937 अखेर आणि त्यानंतर छप्परफाड कमाई केली. त्या जोरावर डिस्ने यांनी बर्बँकला नवा प्रशस्त स्टुडिओ बांधला आणि 'पिनोकिओ' व 'फॅन्टेसिया'वर प्रत्येकी वीस लाख डॉलरहून अधिक खर्च केला. सप्टेंबर 1939 मध्ये युरोपात युद्ध पेटले, तिथली बाजारपेठ बंद झाली आणि 1940 मध्ये आलेले हे दोन्ही चित्रपट तोट्यात गेले. बँकेचे कर्ज होते, भाग भांडवल बाजारात विकावे लागले होते. अशा वेळी हेलन अॅबरसन आणि हॅरॉल्ड पर्ल यांच्या एका छोट्या मुलांच्या गोष्टीवर हात टाकण्यात आला. जो ग्रँट आणि डिक ह्यूमर यांनी तिचा विस्तार केला, बेन शार्पस्टीन यांनी देखरेख केली. पार्श्वभूमी साध्या जलरंगांत, आकार गोलसर, सजावट बेताची. चौसष्ट मिनिटांत गोष्ट संपते. वितरक आरकेओला ती फार आखूड वाटली, ती वाढवावी असा त्यांचा आग्रह होता. डिस्ने यांनी दाद दिली नाही. खर्च दहा लाखांच्या आत राहिला, म्हणजे पडद्यावरच्या कानांचा विमा त्या पिल्लाच्या अख्ख्या चित्रपटाहून महाग होता! काटकसरीने या चित्रपटाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही. 'पिनोकिओ'त डोळे दिपतात, इथे लक्ष चेहऱ्यांवर राहते.

पण काटकसर कोणाच्या पानातून होते हा प्रश्न उरतोच. चौसष्ट मिनिटे म्हणजे सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने ब्याण्णव हजारांवर चौकटी. प्रमुख चित्रकार हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढीत, मदतनीस मधली चित्रे भरीत, आणि मग शाई-रंग विभागातल्या बायका ती पारदर्शक पट्ट्यांवर गिरवून मागून रंगवीत. वरच्या चित्रकाराला आठवड्याला दोनशे-तीनशे डॉलर मिळत, तळाच्या माणसाला बारा-पंधरा. बोनसचा हिशेब मालकाच्या मर्जीवर, पडद्यावरच्या नामावळीत बहुतेकांची नावे नाहीत. पूर्वीच्या लहान जागेत सगळे एकमेकांना ओळखत होते, नव्या इमारतीत हुद्द्याप्रमाणे दालने आणि सवलती वाटल्या गेल्या. गूफीला त्याची चाल देणारे आर्ट बॅबिट हे स्वतः वरच्या पगाराचे चित्रकार, तरीही त्यांनी कार्टूनिस्टांच्या युनियनची बाजू घेतली. मे 1941 मध्ये त्यांना कामावरून काढले आणि लगोलग संप पुकारला गेला. फाटकासमोर निदर्शनांत डिस्नेचीच पात्रे फलकांवर रंगवून उभी होती. ऑगस्टमध्ये डिस्ने दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघून गेले आणि सरकारी मध्यस्थीने युनियनला मान्यता मिळाली. 'डम्बो' याच काळात पुरा होत होता.

चित्रपटातला एक प्रसंग या वादात नेहमी निघतो. खेळ संपला आहे, विदूषक तंबूत कपडे बदलत आहेत, आणि आपल्याला दिसतात फक्त कापडावर पडलेल्या त्यांच्या सावल्या. जळत्या इमारतीवरून पिल्लाला खाली उडी मारायला लावण्याचा खेळ गाजला, म्हणून आता उंची आणखी वाढवायची असे ते ठरवतात. पिल्लाला लागेल, असे एकजण म्हणतो. हत्तीला भावना नसतात, असे उत्तर मिळते. मग सगळे मालकाकडे पगारवाढ मागायला गात निघतात. हे संपकऱ्यांचे विडंबन आहे, असे बरेच जण सांगतात. यावर आक्षेप सरळ आहे: कथेचे काम संपाच्या कितीतरी आधी झाले होते, तेव्हा मे महिन्यातला राग त्यात आला कसा? आक्षेप बरोबर आहे, पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही. युनियनची बांधणी आणि पगाराची कुरबूर त्याआधीपासून चालू होती. सूड म्हणून प्रसंग रचला असे मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की पगारवाढ मागणारी माणसे इथे आपसूक बिनचेहऱ्याची आणि निर्दय ठरतात.

तंबू उभारण्याचा प्रसंगही असाच. रात्र, कोसळता पाऊस, काळ्या वर्णाचे मजूर हत्तींच्या बरोबरीने खुंट ठोकत आहेत. त्यांनाही चेहरे नाहीत, आणि गाण्याचा आशय असा की शिक्षण नाही, पगार हाती पडला की उडवायचा. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे, म्हणून तर जास्त खुपते. खऱ्या सर्कशीतले हे मजूर इतके निमूट नव्हते. 1938 मध्ये पगारकपातीवरून झालेल्या संपामुळे रिंगलिंग सर्कशीला स्क्रँटन गावात दौरा गुंडाळावा लागला होता. चित्रपटातल्या कावळ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या म्होरक्याचा आवाज एका गोऱ्या गायकाचा आणि निर्मितीतले नाव वर्णभेदी कायद्यांची आठवण देणारे, हा डाग पुसता येत नाही. तरीही पिल्लाची कहाणी ऐकून ज्यांना लाज वाटते असे चित्रपटात तेवढेच आहेत.

कोणी म्हणेल, मुलांच्या चित्रपटात एवढा हिशेब कशाला? कोठडीच्या गजांतून आईची सोंड बाहेर येते आणि पिल्लाला झुलवते, तिथे कोणता बाजारभाव? प्रश्न रास्त आहे. तो प्रसंग हिशेबाबाहेरचाच आहे. पण डम्बोला ते निरागसपण देणारे चित्रकार बिल टायट्ला, एरवी राक्षसी ताकदीच्या आकृत्यांसाठी प्रसिद्ध, घरच्या तान्ह्या मुलाकडे पाहून ते पिल्लू काढत होते; आणि मित्र बॅबिट यांच्यासाठी तेही संपात उतरले. नंतर ते परतले, पण रमले नाहीत. 1943 मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला. चित्रपटाने मात्र नफा दिला, संगीताला ऑस्कर मिळाले, आणि 'टाइम' साप्ताहिक डम्बोला मुखपृष्ठावर घेणार होते, तोच पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

बाहेर पडलेल्या संपकऱ्यांपैकी काहींनी पुढे युपीए नावाचा स्टुडिओ उभा केला. सपाट रंग, मोजक्या रेषा, डिस्नेच्या गुबगुबीतपणाला सरळ नकार. त्यांच्या 1950 च्या 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग'लाही ऑस्कर मिळाले. त्यातला मुलगा शब्दांऐवजी नुसते आवाज काढतो. शाळा त्याला घेत नाही, मुले खेळात घेत नाहीत, बाप कंटाळतो, आणि तो घर सोडून निघतो. वाटेत त्याला रेडिओ केंद्राचा मालक गाठतो. त्याला असल्याच आवाजांची गरज असते, आणि मुलगा श्रीमंत व प्रसिद्ध होतो. मालकाशी भांडून निघालेल्या माणसांनाही बहिष्कृताची सुटका नोकरीतच दिसली.