पाटी, सूची आणि शोध : दुकान सापडण्याच्या साधनांचा भाषिक इतिहास

१

व्यापाराच्या इतिहासात माल, भांडवल आणि वाहतूक यांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु ज्याला वस्तू हवी आहे त्याला ती विकणारा सापडतो कसा, हा प्रश्न सामान्यतः दुय्यम मानला जातो. मोठ्या पेढीला हा प्रश्न फारसा जाचत नाही. तिचे नाव जाहिरातींनी घरोघर पोहोचविलेले असते. गल्लीतला शिंपी, पिठाच्या गिरणीचा मालक, कुलपे दुरुस्त करणारा कारागीर यांचा उदरनिर्वाह मात्र या 'सापडण्या'वरच अवलंबून असतो. आज हे सापडणे बव्हंशी आंतरजालावरील शोधयंत्रे आणि नकाशे यांच्या स्वाधीन झाले आहे. लहान व्यावसायिकाने तेथे कसे दिसावे, याचे एक तंत्र आणि त्या तंत्रावर जगणारा एक धंदाही उभा राहिला आहे.

प्रस्तुत लेखात या घटनेकडे भाषेच्या अंगाने पाहावयाचे आहे. लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : शोधाचे प्रत्येक साधन दुकानाच्या नावाला आपल्या सोयीचे वळण लावीत आले आहे. आजचे साधन लोकांच्या नित्याच्या बोलण्याला अनुसरू पाहते, ही त्याची अपूर्वता होय. परंतु ज्या भाषेतील धंद्यांचे व स्थळांचे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्या भाषेतील लहान दुकानदारास या अपूर्वतेचा लाभ मिळत नाही.

२

गावगाड्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. सुतार, लोहार, कुंभार, चांभार ही धंद्यांची नावे, तीच त्या त्या माणसांची ओळख. गावात त्यांना शोधावे लागत नसे. कै. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेतील शब्दसंपत्ती नोंदविलेली आहे. नगरांत एका धंद्याचे लोक एका वस्तीत राहत आणि धंद्याचे नाव वस्तीला मिळे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी, मुंबईतील तांबा काटा, लोहार चाळ, झवेरी बाजार ही नावे एकाच वेळी पत्ते आहेत आणि वस्तूंची सूचीही आहेत. तांब्याचे भांडे हवे असणाऱ्याने तांबट आळीचा रस्ता विचारला की पुरे. आळीत शिरल्यावर कोणाकडून घ्यावयाचे, हे ओळखीने आणि लौकिकाने ठरे. पुढे धंदे हलले, नावे राहिली. लोहार चाळीत आज प्रामुख्याने विजेचे सामान मिळते. तेथे नाव आणि वस्तू यांची फारकत झाली आहे.

युरोपातील नगरांत पाटीचा विकास निराळ्या रीतीने झाला. निरक्षर गिऱ्हाइकासाठी तेथे चित्रांच्या पाट्या असत. लंडनमध्ये त्या रस्त्यावर लोंबकळत असल्याने वाऱ्यापावसात धोक्याच्या ठरू लागल्या. १७६२ साली वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांच्यावर निर्बंध आले, पाट्या भिंतीला सपाट लावणे प्राप्त झाले आणि त्याच दशकात घरांना क्रमांक देण्याची प्रथा रुजली. पत्ता हा चित्राऐवजी अंकाने सांगण्याचा काळ येथून सुरू होतो, असे म्हणता येईल.

३

तथापि अंक उपयोगी पडावयाचा, तर त्याची यादी हवी. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या नावांची छापील सूची १६७७ साली निघाली होती. पॅरिसमध्ये निकोला द ब्लेन्यी याने १६९२ साली टोपणनावाने पत्त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात अशा निर्देशिका हा मुद्रणव्यवसायाचा एक भरभक्कम आधार झाला. हिंदुस्थानात थॅकर कंपनीची निर्देशिका दीर्घकाळ प्रमाण मानली जाई. तिच्यात प्रवेश मुख्यतः पेढ्यांना, बँकांना आणि कचेऱ्यांना होता. बोळातला कल्हईवाला तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

दूरध्वनीने या सूचीला नवे रूप दिले. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २१ फेब्रुवारी १८७८ रोजी निघालेली पहिली दूरध्वनिसूची एका पानाची होती आणि तीत अवघी ५० नावे होती. १८८२ च्या आरंभी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनिकेंद्रे सुरू झाली. १८८६ मध्ये शिकागोच्या रूबेन डॉनेली याने धंदेवार वर्गीकृत सूची काढली. पुढे पिवळ्या कागदावर छापलेली 'यलो पेजेस' या नावाने जी प्रसिद्धी पावली, तिचे हे पूर्वरूप होय.

या सूचीने नावांवर केलेला परिणाम भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. वर्गाच्या आत क्रम वर्णमालेचा असे, आणि घाईत असलेला वाचक पहिल्या दोनचार नावांवर थांबे. त्यामुळे नळदुरुस्ती करणारे आणि कुलपे उघडून देणारे आपल्या नावाआधी 'ए', 'ए-वन', 'ट्रिपल ए' अशी अक्षरे लावू लागले. शिखर या अर्थाचा 'अ‍ॅक्मी' हा ग्रीक शब्द अमेरिकेतील असंख्य दुकानांनी स्वीकारला, त्यामागे अर्थाइतकाच वर्णानुक्रमातील अग्रस्थानाचाही मोह होता. देवाचे, वडिलांचे वा गावाचे नाव बाजूस सारून मुळाक्षरांच्या क्रमाला वश झालेले हे नाव, साधनाने नामकरणावर केलेल्या आक्रमणाचे पहिले ठळक उदाहरण होय. असे असले, तरी छापील सूचीत शेवटच्या दुकानाचे नावही छापलेले असे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

४

१९९६ साली मुंबईत सुरू झालेली 'जस्टडायल' ही सेवा सूची आणि शोधयंत्र यांच्या मधला दुवा आहे. गिऱ्हाइकाने दूरध्वनी करावा, आपली गरज सांगावी आणि पलीकडच्या माणसाने दुकानांची नावे द्यावीत, अशी तिची मूळ रीत होती. येथे पुस्तकाची जागा संवादाने घेतली. 'गिझरचे पाणी तापत नाही' या वाक्यावरून विजेच्या उपकरणांची दुरुस्ती हा वर्ग काढणे, हे अर्थनिर्णयाचे काम माणूस करीत असे. पुढे त्याच कामासाठी यंत्राला प्रचंड सामग्री लागावी, यावरून त्या अनाम कर्मचाऱ्यांच्या कामाची थोरवी कळते.

'गूगल'ने स्थानिक शोधाची सोय २००४ मध्ये आणि नकाशा ८ फेब्रुवारी २००५ रोजी आणला. दुकानदारास आपली नोंद स्वतः सांभाळता यावी, यासाठी असलेल्या सोयीची नावे वारंवार बदलली : प्रथम 'लोकल बिझनेस सेंटर', २०१० मध्ये 'प्लेसेस', २०१४ मध्ये 'माय बिझनेस', २०२१ मध्ये 'बिझनेस प्रोफाइल'. केंद्र, स्थळ, मालकी आणि अखेर शब्दचित्र, असा हा अर्थप्रवास उद्बोधक आहे. नोंद खरी आहे, हे ठरविण्यासाठी सांकेतिक अंक छापलेले पत्र दुकानाच्या पत्त्यावर टपालाने पाठविण्याची पद्धत कित्येक वर्षे रूढ होती. महाजालाच्या या युगातही पत्त्याची शेवटची साक्ष पोस्टमनच देत होता.

क्रम कसा लागतो, याचे तीन निकष कंपनीने जाहीर केले आहेत : विचारलेल्या गोष्टीशी नोंदीचा मेळ, अंतर आणि ख्याती. यांपैकी अंतर दुकानदाराच्या हाती नाही. ख्याती गिऱ्हाइकांचे अभिप्राय, इतरत्र झालेले उल्लेख इत्यादींवरून मोजली जाते. अभिप्रायांत खोटेपणा फार शिरल्यामुळे भारतीय मानक ब्यूरोस नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मानक काढावे लागले. मेळ हा निकष मात्र केवळ शब्दांचा आहे, आणि तेथेच आपल्या विषयाचे मर्म आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये शोधाच्या पहिल्या पानावर नकाशासह दिसणाऱ्या दुकानांची संख्या सातावरून तीनवर आली. छापील सूचीतील शेवटचे नाव पान उलटले की दिसत असे. येथे चौथे दुकान पाहण्यासाठीही वेगळी कृती करावी लागते, आणि घाईतले गिऱ्हाईक ती करीलच असे नाही. म्हणून 'दिसणे' हा शब्द लहान व्यावसायिकाच्या बाबतीत 'टिकणे' या शब्दाचा जवळजवळ पर्याय झाला.

५

व्याकरणाच्या दृष्टीने या काळातील सर्वांत मोठा पालट दर्शकत्वाचा आहे. जुना पत्ता स्थिर खुणेला बांधलेला असे : 'मारुतीच्या देवळासमोर', 'चावडीच्या मागे'. बोलणारा कोठेही असो, खूण हलत नसे. आताचा शोध 'माझ्या जवळ' या पदावर उभा आहे. पत्त्याचे केंद्र देवळातून निघून शोधणाऱ्याच्या खिशात आले आहे. फेब्रुवारी २०१२ मधील एका सुधारणेनंतर तर गावाचे नाव न लिहिताही शोधयंत्र शोधणाऱ्याचे ठिकाण ताडून उत्तरे देऊ लागले. दर्शक पद अध्याहृत झाले.

याचा विपरीत परिणामही दिसून आला. न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहाने 'थाई फूड निअर मी' हेच आपले नाव ठेवले आणि २०२३ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली. ज्या पदाचा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो, ते पद येथे विशेषनाम होऊन बसले आहे. 'ए-वन' या नावाने वर्णमालेला शरण जावे, तसे हे नाव प्रश्नाच्या शब्दांना शरण गेले आहे. असा अनाचार रोखण्यासाठी कंपनीचा नियम असा की, नोंदीतील नाव हे दुकानाच्या पाटीवर प्रत्यक्ष वापरात असलेलेच असावे, त्यास वर्णनपर शब्द जोडू नयेत. म्हणजे सूचीच्या इतक्या स्थित्यंतरांनंतरही प्रमाण मानली गेली ती पाटीच.

६

पाटीचा हा मान लक्षात घेता महाराष्ट्रातील परिस्थिती विशेष विचारार्ह ठरते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कक्षेत दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने पूर्णतः येत नसत. २०२२ च्या सुधारणेने लहान दुकानांसही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. रस्त्यावरची पाटी याप्रमाणे मराठी झाली. परंतु नकाशावरची पाटी पुष्कळदा रोमन लिपीतच राहिली.

रोमन लिपीतून तीन अडचणी उद्भवतात. पहिली वर्णलेखनाची. 'लक्ष्मी' हा शब्द एक दुकानदार के-एस-एच या अक्षरांनी लिहितो, दुसरा एक्स या एकाच अक्षराने. 'श्री'ची तर तीनचार रूपे रूढ आहेत. एकाच दुकानाचे नाव व पत्ता निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे लिहिले गेले, तर ते एकच दुकान होय, हे यंत्राला कळणे कठीण जाते आणि त्याची ख्याती विभागली जाते. जानेवारी २०२१ मध्ये 'गूगल'ने नकाशावरील स्थळनामांचे मराठीसह दहा भारतीय भाषांत यांत्रिक लिप्यंतर सुरू केले, ही मोठी सोय झाली. तथापि रोमन लेखनात त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ हे भेद लोपतात. 'काळे' की 'काले', हे अक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी नावाची पूर्वओळख लागते. जेथे ती नाही, तेथे दुकानदाराचे आडनावच परके होऊन नकाशावर उमटण्याचा धोका राहतो.

दुसरी अडचण रूपविचाराची. मराठी माणूस 'पुणे कल्हईवाला' असे म्हणत नाही. तो 'पुण्यात कल्हईवाला कुठे आहे' असे विचारतो. 'सातारा' साताऱ्यात होतो, 'ठाणे' ठाण्यात होते. सामान्यरूपाची ही व्यवस्था न जाणणाऱ्या यंत्राला 'पुण्यात' हा शब्द 'पुणे' या नावाशी जोडता येणार नाही. ऑगस्ट २०१७ पासून मराठीत तोंडी प्रश्न विचारण्याची सोय झाल्यामुळे या प्रश्नाचे महत्त्व वाढले आहे. कारण टंकलेखनात माणूस शब्दांची काटकसर करतो, बोलताना मात्र पूर्ण वाक्य बोलतो.

तिसरी अडचण शब्दसंग्रहाची, आणि सर्वांत गंभीर. नोंद करताना धंद्याचा एक मुख्य वर्ग आणि आणखी नऊपर्यंत वर्ग तयार यादीतून निवडावे लागतात. ही यादी मुळात इंग्रजीतील व्यवहारावर बेतलेली आहे. खानावळ 'उपाहारगृह' या वर्गात बसविली, की महिनेवारी जेवणाऱ्या सभासदांचा अर्थ गळून पडतो. रसवंती, बोहारीण, कासार, कल्हईवाला या शब्दांमागे विशिष्ट माल, ऋतू आणि व्यवहाराची रीत असते. तयार वर्गांत ती पूर्णपणे मावत नाही. यंत्र जे शब्द नोंदीत पाहत नाही, त्यांच्याशी प्रश्नाचा मेळ घालू शकत नाही. जे दिसत नाही ते कोणी विचारीत नाही. आणि जे विचारले जात नाही त्याची गरज नाही, असा समज दृढ होतो. शब्द आणि धंदा यांची अधोगती येथे एकमेकांस साहाय्य करते.

यावर उपाय नाही असे नव्हे. नोंदीत वर्णनासाठी ७५० अक्षरांची जागा असते. माल व सेवा यांची यादी देता येते. अभिप्रायांना उत्तरे लिहिता येतात. ही सर्व स्थाने शुद्ध व नेहमीच्या मराठीत भरता येतात आणि त्यास पैसे पडत नाहीत. दुकानदाराने आपल्या नावाचे एकच लेखन सर्वत्र ठेवावे, आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन ज्या शब्दांनी माल मागते तेच शब्द वर्णनात योजावेत. नावात खोटी भर घालण्यापेक्षा हा मार्ग प्रामाणिक आहे आणि नियमासही धरून आहे.

७

सारांश, आळीने नावाला धंद्याशी बांधले, छापील सूचीने वर्णमालेशी आणि शोधयंत्राने प्रश्नाशी. प्रश्न लोकभाषेत विचारला जातो, म्हणून शोधयंत्राच्या युगात लोकभाषेचे मोल वाढावयास हवे होते. मराठीपुरते ते अद्याप पुरेसे वाढलेले नाही. याची जबाबदारी एकट्या कंपन्यांवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३० नंतरच्या दशकात धंद्यांचे असंख्य शब्द जतन केले. आजच्या बाजारातील धंद्यांची नावे, त्यांचे प्रादेशिक पर्याय, त्यांची सामान्यरूपे आणि रोमन लेखनातील भेद यांची तशीच जिल्हावार नोंद होणे अगत्याचे आहे. मराठीच्या विभागांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. ते झाले, तर भाषाशास्त्राच्या श्रमाचा लाभ पंडितांइतकाच गल्लीतल्या शिंप्यालाही होईल.